डाव्या मनगटाचं पाप

पार्सिपनी या अमेरिकी गावातल्या मिडल स्कूलचा कॅफेटेरिया त्या रविवारी इतका भरला होता, की उशिरा आलेली मंडळी दुधाच्या फ्रीजला टेकून उभी होती. एरवी जिथे पिझ्झाचे ट्रे मांडतात त्या लांब टेबलावर मखमल अंथरून तेजोनाथ महाराज बसले होते. भगवी शाल, पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज, कानाला बिनतारी माइक. त्यांनी उजवा हात वर केला, डोळे मिटले, आणि हॉलभर एकदम फोन वाजले.

"आला," कुणीतरी म्हणालं. "प्रसाद आला."

सगळ्या माना खाली गेल्या. मग एकेका चेहऱ्यावर उजेड पडत गेला. खरोखरचा उजेड, कारण मेल उघडला की आतून महाराजांची सोनेरी तसबीर झळकायची आणि तिच्याखाली चमचमत्या अक्षरांत यायचं, 'दर्शन झाले. आपण निर्मळ आहात.'

"झालं हो, मला झालं."

"मलापण. तुमचं काय?"

शेजारच्या गृहस्थांनी फोन खिशात सारला. "रेंज नाहीये इथे," ते म्हणाले.

रेंज भरपूर होती. पण तोच मेल, त्याच क्षणी, काही जणांच्या समोर वेगळाच उघडे. ना तसबीर, ना सोनं. कोऱ्या पांढऱ्या पानावर काळ्या अक्षरांत दोन ओळी: 'आपल्या अंतःकरणावर मळ आहे. शुद्धीसाठी भेटावे.'

"मेल एकच," महाराज डोळे न उघडता म्हणाले. "वरून एकच निघतो. सर्व्हर तो एक, आपण सगळे क्लायंट. मग एकाला दिसतं आणि एकाला दिसत नाही, असं का? कारण आत्म्याची मेमरी फुल झाली आहे. गेल्या जन्मीच्या कुकीज कधी डिलीट केल्यात का? नाही केल्या. मग दर्शन लोड होणार कसं?"

हॉल हसला, आणि हसता हसता हात जोडून मोकळा झाला.

तिथे बसलेल्या निम्म्या लोकांचं पोट कॉम्प्युटरवर चालत होतं. त्यांनी तपास केला नव्हता असं नाही. एका बँकेचे सर्व्हर सांभाळणारा प्रल्हाद छातीठोकपणे सांगत असे, "मी स्वतः पाहिलंय, यार. टाइम सेम, मेसेजचा नंबर सेम. सेम मेल आहे. इट्स नॉट पॉसिबल." यापुढे कोण बोलणार? डेटाबेसवाला म्हणाला, ईमेल हा काही त्याचा एरिया नाही. क्लाउडवाल्याने टेस्टिंगवाल्याकडे बघितलं. टेस्टिंगवाला म्हणाला, रिक्वायरमेंट लिहून दिल्याशिवाय तो काही टेस्ट करत नाही. सगळे तज्ज्ञ होते, आणि प्रत्येकाला खात्री होती की हे दुसऱ्याच्या खात्यात येतं.

मागच्या रांगेत सुनेत्रा मांडीवर लॅपटॉप घेऊन मुलांचे लॅब रिपोर्ट तपासत होती. ती हायस्कूलमध्ये रसायनशास्त्र शिकवत असे. सत्संगाची तिला आवड नव्हती. पण तिच्या मुलीचं, इशिताचं लग्न अनयशी ठरलं होतं, आणि त्याची आई, होणाऱ्या विहीणबाई मंजुषाताई महाराजांच्या पहिल्या फळीतल्या भक्त होत्या. त्यांचं मन राखायला ती आली होती. मेल ती नेहमी लॅपटॉपवरच बघे; तो टिंग करून वाजला, तिने सवयीने मेल उघडला, आणि शेजारी बसलेल्या मंजुषाताईंनी वाकून पाहिलं.

'आपल्या अंतःकरणावर मळ आहे.'

मंजुषाताई सरळ बसल्या. मग, अगदी सहज हलल्यासारखं दाखवत, त्यांनी आपली खुर्ची वीतभर लांब घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "सुनेत्राताई, गैरसमज नका करून घेऊ हं. माणूस म्हणून तुम्ही चांगल्याच आहात. पण मुलांचं आयुष्य आहे. पुढच्या रविवारी तुम्ही सगळ्यांसमोर शुद्धी करून घ्या. तोवर साखरपुडा पुढे ढकलू या."

"आणि मी शुद्धी नाही केली तर?"

"मग मला विचार करावा लागेल," मंजुषाताई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खरोखर रडवेला झाला होता.

शुद्धी म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. कॅफेटेरियामागच्या सामानाच्या खोलीला आता गाभारा म्हणत. तिथे महाराजांचा शिष्य संग्राम बसे. आपण दक्षिणेचं पांढरं पाकीट द्यायचं, आपला फोन द्यायचा आणि बाहेर बसून जप करायचा. आत संग्राम फोनमध्ये बीजमंत्र भरे. फोन परत आला की दर्शन चालू. काहींचं पाप मात्र फारच चिवट निघे. एका औषध कंपनीत काम करणारी आपली झाडून सगळी मंडळी मळकी निघाली होती, आणि त्यांना बीजमंत्रही लागू पडेना. त्यांना महाराज सांगत, "तुमचा जुना ईमेल पत्ता कर्माने जड झाला आहे. तो सोडा. नवा पत्ता, नवा जन्म." नवा पत्ता घेतला की त्यांनाही दर्शन होई. तरीही, त्या कंपनीतल्या लोकांकडे मुलगी द्यावी की नाही यावर चर्चा झालीच.

"जाऊन ये ना," सुनेत्राचा नवरा रवींद्र भाजी चिरताना म्हणाला. "दहा मिनिटांचं काम आहे. एवढ्यावरून मुलीचं लग्न अडवायचं का?"

"मला मळ नाहीये, रवी."

"मला माहितेय. पण दिसतोय तर खरा."

इशिता डायनिंग टेबलाशी बसून ऐकत होती. "अनय म्हणतो, कोर्टात जाऊन लग्न करू," ती म्हणाली. "बट आय डोन्ट वाँट दॅट. त्याच्या आईने एकटीने वाढवलंय त्याला. आणि आई, आय लाइक हर. ती मला दर फ्रायडेला पुरणपोळ्या पाठवते."

सुनेत्राला मंजुषाताईंचा राग आलेला नव्हता. तिला सत्संग मंडळातले वयस्कर चारुदत्तकाका आठवत होते. काकांची बायको वर्षापूर्वी गेली. मोतीबिंदूमुळे मुलाने त्यांच्या फोनवर मोठ्या अक्षरांचं एक अ‍ॅप टाकून दिलं होतं. त्या मोठ्या मोठ्या अक्षरांत त्यांना दर रविवारी 'मळ आहे' असं दिसायचं. शुद्धी करून घ्यायला त्यांनी नकार दिला होता. "जे आहे ते आहे," ते तिला म्हणाले होते. "तिच्या आजारपणात मी चिडचिड करायचो. महाराजांना बरोबर कळलं." तेव्हापासून ते भजनालाही येईनासे झाले होते.

गाभाऱ्यात जाऊन आपण एकटीनेच स्वच्छ होऊन येणं तिला जमणार नव्हतं.

गुरुवारी एक गंमत झाली. महाराज अधूनमधून आठवड्यातही प्रसाद पाठवत. रवींद्र कणीक मळत होता, हात बरबटलेले, तेवढ्यात त्याच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं. हे घड्याळ मेल दाखवायचं. त्याने कोपराने बटण दाबलं आणि तो पांढरा पडला.

"सुनेत्रा. मला मळ आला."

"काय?"

"गेले सहा महिने मी निर्मळ आहे गं." त्याने घाईघाईने हात धुतले, देवाला नमस्कार केला आणि फोन उघडला. सोनेरी तसबीर. 'दर्शन झाले.' रवींद्रने सुटकेचा श्वास सोडला. "बघितलंस? नमस्कार केला, लगेच क्षमा झाली."

"आता परत घड्याळ बघ," सुनेत्रा म्हणाली.

त्याने बघितलं. 'आपल्या अंतःकरणावर मळ आहे.'

"फोन?"

'आपण निर्मळ आहात.'

"म्हणजे तुझा उजवा खिसा पवित्र आहे," सुनेत्रा शांतपणे म्हणाली, "आणि डावं मनगट पापी."

इशिताला इतकं हसू आलं की ती खुर्चीवरून घसरली. रवींद्रने घड्याळ काढून उजव्या मनगटावर बांधून पाहिलं. मळ तिकडेही आला. पाप अंगात नव्हतं, पट्ट्याबरोबर फिरत होतं.

सुनेत्राच्या डोळ्यांत आता ती चमक आली होती, जी तिच्या वर्गातल्या मुलांना चांगली ओळखीची होती. "थांबा," ती म्हणाली. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची." तिने रवींद्रच्या फोनवर स्वतःचा मेल उघडला. तसबीर झळकली. आयुष्यात पहिल्यांदाच ती निर्मळ झाली. मग तिने आपल्या जुन्या लॅपटॉपवर रवींद्रचा मेल उघडला.

'मळ आहे,' रवींद्रने वाचलं. "अगं, पण मी काय केलं?"

"काहीच नाही. तू लॅपटॉप बदललास. मेल आपल्याला ओळखतच नाही, रवी. तो फक्त यंत्र ओळखतो."

मग तिला एकदम आठवलं. दहाएक वर्षांपूर्वी जाहिरातींची रोषणाई आणि उड्या मारणारी चित्रं यांना कंटाळून तिने या लॅपटॉपला सांगून ठेवलं होतं: मला फक्त मजकूर दाखव. आणि तो प्रामाणिकपणे तेवढंच दाखवत आला होता.

शनिवारी दुपारी अनय आला. तो वेबसाइट बनवायचा, आणि आपल्या क्रिकेट क्लबसाठी त्याने स्वतःचा एक छोटा सर्व्हर चालवला होता. सुनेत्राने त्याला विचारलं, "मेल आतून कसा असतो, ते बघता येतं का रे?"

"येतं की मावशी. मूळ स्वरूप दाखव म्हणून एक पर्याय असतो." त्याने तो दाबला. पडद्यावर कागदपत्रांसारखा रटाळ मजकूर उलगडत गेला, आणि मधेच अनयचं बोट थांबलं. त्याचे कान लाल झाले.

"काय झालं?"

"मावशी, हा मल्टिपार्ट आहे." तो कपाळावर हात मारून म्हणाला. "एका पाकिटात दोन पत्रं असतात. एक साधं, नुसत्या मजकुराचं. दुसरं एचटीएमएलमधलं सजवलेलं, रंग, फोटो वगैरे. मध्ये ही रेघ, पार्टिशनसारखी. वाचणारा फोन दोन्हींपैकी त्याला जे झेपतं ते दाखवतो, दुसरं झाकून ठेवतो. दुकानांचे, विमानकंपन्यांचे, सगळ्यांचे मेल असेच येतात."

"मग दोन्ही पत्रांत एकच मजकूर असतो ना?"

"असायला हवा. यांनी साध्या पत्रात 'मळ' लिहिलंय आणि सजवलेल्यात 'निर्मळ'." त्याने मान खाली घातली. "मी रोज हे काम करतो. आईबरोबर दर रविवारी जातो. मला दर्शन होत होतं, म्हणून मी कधी उघडून बघितलंच नाही."

सगळं जागच्या जागी बसलं. औषध कंपनीचा सर्व्हर बाहेरून आलेल्या मेलमधली सजावट सुरक्षेसाठी काढून टाकत होता, म्हणून तिथले सगळे पापी. चारुदत्तकाकांचं मोठ्या अक्षरांचं अ‍ॅप फक्त मजकूर वाचत होतं, म्हणून काका पापी. आणि संग्राम गाभाऱ्यात फोनचं एक सेटिंग बदलत होता. बीजमंत्र म्हणजे एवढंच.

"आपण असा मेल बनवू शकतो?" सुनेत्राने विचारलं.

"आत्ता बनवू. फोटो कुणाचा टाकायचा?"

रवींद्र संध्याकाळसाठी भरली वांगी करत होता. सुनेत्राने ओट्यावरचं सगळ्यात टपोरं वांगं उचललं आणि खिडकीच्या उजेडात धरलं.

पहिला मेल फसला. रवींद्रच्या फोनवर वांग्याऐवजी नुसत्या कंसांची आणि अगम्य अक्षरांची माळ उमटली. "आत एचटीएमएल आहे, हे मी वरच्या भागात लिहायलाच विसरलो," अनय पुटपुटला. "फोनला वाटलं, हा साधा मजकूर आहे. म्हणून त्याने कच्चा मालच वाढला." त्याने दुरुस्ती केली. दुसऱ्या वेळी उलटंच. फोन असो की घड्याळ, सगळीकडे मळच मळ. वांगं कुठेच नाही.

"आता काय चुकलं?"

अनयने ओळी वरखाली निरखल्या आणि हसला. "क्रम. नियम असा आहे, साधं पत्र आधी ठेवायचं आणि सजवलेलं शेवटी. फोन शेवटचं पत्र सगळ्यात चांगलं समजतो आणि झेपलं तर तेच दाखवतो. मी साधं पत्र शेवटी ठेवलं."

"हे चुकलेलं पुसू नकोस," सुनेत्रा म्हणाली. "जपून ठेव."

तिसऱ्या मेलला फोनच्या पडद्यावर वांगं झळाळून उठलं. खाली सोनेरी अक्षरं: 'वांग्याचे दर्शन झाले. आपण धन्य आहात.' आणि घड्याळावर: 'वांगे दिसले नाही. आपले मन मळले आहे.' इशिताने वांग्याला नमस्कार केला.

रविवारी कॅफेटेरिया पुन्हा भरला. सुनेत्रा आदल्या संध्याकाळी चारुदत्तकाकांच्या घरी गेली होती आणि एवढंच म्हणाली होती, "काका, उद्या या. फोन आणा." ते आले होते, दाराजवळ बसले होते. मंजुषाताई पहिल्या रांगेत होत्या, आणि सुनेत्रा पुढे आलेली पाहून त्यांच्या चेहऱ्यावर पौर्णिमा पसरली.

"या ताई," महाराज म्हणाले. "संकोच नको. मोठमोठे सीनियर आर्किटेक्ट इथे रीबूट होऊन गेलेत. फोन संग्रामकडे द्या."

"देते," सुनेत्रा म्हणाली. "पण रिकाम्या हाताने कशी येऊ? मीही थोडा प्रसाद आणलाय. सगळ्यांना पाठवू का?"

महाराजांना वाटलं, बाईंनी पेढे आणले असतील. त्यांनी उदारपणे हात हलवला. मागच्या टेबलावर अनयने एक बटण दाबलं. मंडळाच्या सगळ्या सभासदांचे पत्ते आईमुळे त्याच्याकडे होतेच.

फोन वाजले. माना खाली गेल्या. मग हॉलमध्ये एक विचित्र कुजबुज सुरू झाली.

"वांगं आहे."

"कुठंय वांगं? मला मळ आलाय."

"अरे, चांगलं एवढं मोठं वांगं आहे. देठासकट."

"धन्य आहात, असं लिहिलंय. वांग्याने लिहिलंय?"

प्रल्हाद उठून उभा राहिला. त्याच्या फोनवर वांगं होतं. शेजारी बसलेल्या औषध कंपनीतल्या मित्राला मळ. त्याने दोन्ही फोन शेजारीशेजारी धरले. "सेम टाइम," तो खोल आवाजात म्हणाला. "सेम नंबर."

महाराजांनी प्रसंग ओळखला. "बघा, बघा," ते गरजले. "वांग्यातही तोच आहे. चराचरात तोच आहे. निर्मळांना वांगंसुद्धा दर्शन देतं."

काही हात जोडलेसुद्धा गेले. सुनेत्राने अनयकडे पाहून मान हलवली, आणि दुसरा मेल सुटला. हा तो चुकलेला मेल होता, जसाच्या तसा ठेवलेला.

मग एकेक जण दचकायला लागला.

"मला मळ?"

"मलाही. आत्ता तर धन्य होतो मी."

"अहो, माझी तर गेल्याच महिन्यात शुद्धी झाली."

सगळा हॉल एका दमात पापी झाला होता. मंजुषाताई फोनकडे बघत थिजल्या होत्या. महाराजांनी स्वतःचा फोन पाहिला आणि त्यांचा माइक चालू आहे, हे ते विसरले. "संग्राम," ते घाईने म्हणाले, "हे काय झालं?"

संग्राम गाभाऱ्यातून लगबगीने येऊन त्यांच्या कानाशी वाकला. त्याने फोनवर मेलचं मूळ स्वरूप उघडलं होतं. आपलं काम नीट जाणणारा माणूस दुसऱ्याची चूक बघून जसा बोलतो, तसा तो सहज बोलून गेला, "काही नाही महाराज. त्यांनी पार्ट्सचा क्रम उलटा केलाय. एचटीएमएल शेवटी ठेवायला हवा होता, आपण ठेवतो तसा."

हे वाक्य माइकमधून सबंध कॅफेटेरियात पोचलं. शंभरेक इंजिनिअरांनी ते ऐकलं. मग कुठूनतरी एक हसू फुटलं, त्याला दुसरं लागलं, आणि बघता बघता टेबलं बडवायला सुरुवात झाली. "आपण ठेवतो तसा," टेस्टिंगवाला डोळे पुसत म्हणत राहिला. "आपण ठेवतो तसा, यार."

महाराजांनी शाल सावरली, ध्यानाची वेळ झाल्याचं जाहीर केलं आणि ते गाभाऱ्यात गेले. गाभाऱ्याला मागच्या पार्किंगकडे उघडणारं दार होतं.

सुनेत्राने आवाज न चढवता सगळं सांगितलं. एक पाकीट, दोन पत्रं; फोन त्याला झेपेल ते दाखवतो. तुमच्या फोनला तुमच्या मनातलं काही कळत नाही. तुम्ही निर्मळ आहात की नाही, हे त्याला ठाऊक नाही, मलाही नाही, आणि जे आत्ता मागच्या दाराने गेले त्यांनाही नव्हतं.

चारुदत्तकाका दाराजवळून चालत पुढे आले. "म्हणजे मला जे दिसायचं," त्यांनी विचारलं, "ते माझ्याबद्दल नव्हतं?"

"नाही काका. ते तुमच्या मोठ्या अक्षरांच्या अ‍ॅपबद्दल होतं."

काकांनी आपला फोन खिशात ठेवला. मग म्हणाले, "वांगं कुठे आहे ते दाखव बघू मला," आणि इशिताने आपला फोन त्यांच्यापुढे धरला.

मंजुषाताई उठून सुनेत्रापाशी आल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते. "मी तुमच्यापासून खुर्ची लांब घेतली होती," त्या म्हणाल्या.

"वीतभरच," सुनेत्रा म्हणाली.

"साखरपुडा ठरल्या दिवशीच होईल. आणि मला शिकवा ते पाकीट उघडायचं. सगळ्यांचं ऐकत बसण्यापेक्षा मला स्वतःला येऊ दे."

तोवर मागे गर्दी जमली होती. लोक फोन पुढे करून उभे होते आणि आपोआप रांग लागली होती, गाभाऱ्यापुढे लागायची तशीच. पुढच्या बाई तर वाकल्याच. "ताई, जरा माझ्या फोनवर हात..."

सुनेत्रा दोन पावलं मागे सरली. "नाही," ती म्हणाली. "रांग नको, आणि पाया तर अजिबात पडू नका. शेजारच्याला दिसत नाही ते आपल्याला दिसलं, की त्याच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधू नका. आधी त्याचा फोन हातात घ्या. दोन-दोन जण जोडीने बसा, फोनची अदलाबदल करा आणि काय बदलतं ते बघा. मी सांगते म्हणून माझ्यावरही विश्वास ठेवू नका. करून बघा."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग खुर्च्या ओढल्याचे आवाज झाले. ज्या औषध कंपनीतल्या मुलाला कुणी मुलगी द्यायला तयार नव्हतं, त्याच्या शेजारी मंजुषाताई जाऊन बसल्या. "आण रे इकडे तुझा फोन," त्या म्हणाल्या, आणि त्याला आपला देऊन टाकला.